अठरा वर्षं राहिलेलं उत्तर

ते पत्र आलं तेव्हा एडगर स्टोबर्ट चोपन्न वर्षांचा होता. उत्तर आज लिहू, उद्या लिहू म्हणता म्हणता तो बहात्तर वर्षांचा झाला.

पत्र तसं साधंच होतं. पिंबल अँड ओक नावाच्या वकिलांनी मार्च २००६ मध्ये पाठवलेलं, टाइप केलेलं, एका पानाचं. पाकिटावर स्वच्छ नाव घातलेलं : श्री. ई. स्टोबर्ट, ७ प्रॉस्पेक्ट टेरेस. आपण भाड्याने राहता ते घर तारण ठेवून घरमालक आमच्या अशिलांकडून कर्ज घेत आहेत. तरी सोबतच्या कागदावर सही करून तो आठ दिवसांत परत पाठवावा. सोबतच्या कागदावर एकच वाक्य होतं. या घरावर माझा काही हक्क असलाच, तर कर्ज देणाऱ्या संस्थेपुढे तो मी सोडून देत आहे.

एडगर गावच्या वाचनालयात मदतनीस होता. रोज दोनशे पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारायचा, पण त्याला स्वतःला कुणाचं पत्र फारसं येत नसे. म्हणून त्याने हे पत्र चार वेळा वाचलं आणि त्याच्या मनात एक शंका आली. माझा हक्क आहे का? असेल तर तो मी का सोडावा? एवढंच विचारायचं होतं. पण पहिल्या खर्ड्यात ते फार ताठ वाटलं. दुसऱ्यात लाचार वाटलं. तिसऱ्यात त्याने आधी हवापाण्याबद्दल दोन ओळी घातल्या आणि मग वकिलांशी हवापाण्याचं काय बोलायचं म्हणून त्या खोडल्या. अकरावा खर्डा बरा उतरला होता. पण तोवर जून उजाडला होता, आणि आठ दिवसांच्या पत्राला तीन महिन्यांनी उत्तर द्यायचं तर आधी माफी मागायला हवी, म्हणजे बारावा खर्डा आला. तो काही झाला नाही. पत्र, सही न केलेला कागद आणि अकरा खर्डे बुटांच्या एका खोक्यात गेले, आणि खोकं कपाटावर. भीड भिकेची बहीण म्हणतात. एडगरच्या घरी ती बिनभाड्याने राहायला आली होती, आणि तिला काढायला कुठला बेलिफही आला नसता.

बेलिफ आता येणार होता, तो एडगरला काढायला.

ते असं झालं. एडगरला ही जागा दिली मिस फेदरस्टोन नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी, १९८७च्या वसंतात, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या हात मिळवून. कागद नाही, शिक्का नाही. बाई वारल्यावर घर भाच्याकडे आलं. हा भाचा, नायजेल, गोड बोलायचा, नळ दुरुस्त करायचा नाही, आणि घरावर काढलेल्या कर्जाचे हप्तेही त्याने भरले नाहीत. हल्ली तो स्पेनमध्ये असतो असं ऐकिवात होतं. त्याच्या नावाची पत्रं मात्र अजून सात नंबरलाच येत. दुसऱ्याचं पत्र उघडणं एडगरच्या रक्तात नव्हतं. त्याने ती सगळी तारीखवार लावून, रबरबँड घालून, नायजेल येईल तेव्हा द्यायला ठेवली होती. म्हणजे आपल्याच गळ्याचा फास तो नीट घडी घालून जपत होता.

खुद्द घरात राहणाऱ्यालाही कोर्टाने आधी तीन पत्रं पाठवली होती. त्यांवर नाव नव्हतं; नुसतं 'भाडेकरू किंवा राहणारी व्यक्ती'. असली बिननावाची पाकिटं म्हणजे पिझ्झाच्या नाहीतर कानात घालायच्या यंत्रांच्या जाहिराती. इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात ती कुणी उघडत नाही. एडगरने ती शेगडी पेटवायच्या टोपलीत टाकली होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चौथं आलं, ते तांबड्या अक्षरातलं, म्हणून त्याने उघडलं. कोर्टाने घर कर्ज देणाऱ्या संस्थेच्या ताब्यात दिलं होतं. सत्तावीस तारखेला, मंगळवारी, सकाळी दहाला बेलिफ येऊन कुलूप बदलणार होता.

दुसरा कुणी असता तर नायजेलच्या नावाने बोटं मोडली असती. एडगरला मात्र आधी कपाटावरचं खोकं आठवलं. आपण उत्तर दिलं असतं, तर संस्थेला कळलं असतं की इथे माणूस राहतो. मग कर्ज दिलं गेलं नसतं. मग हप्ते थकले नसते. सगळं आपल्या एका पत्रामुळे! चूक आपली, तर निमूटपणे निघावं. तो वाण्याकडून केळ्यांची रिकामी खोकी घेऊन आला आणि पुस्तकं भरू लागला. हे घर सोडल्यावर जायचं कुठे, याचा विचार आला की तो आणखी एक खोकं भरी. सत्तावीस खोकी झाली आणि जायची जागा एकही सुचली नाही.

राहून राहून मन अडकत होतं ते मागच्या बागेतल्या लीकपाशी. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा पैलवान भाऊ. त्या गावात तो मांडीएवढा जाड करतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पबच्या वरच्या खोलीत त्याचं प्रदर्शन भरतं. खाण बंद झाली, वाचनालय बंद झालं, पण लीकचं मंडळ चालूच आहे. एडगरने लीकवरची झाडून सगळी पुस्तकं वाचली होती, आणि इतक्या वर्षांत त्याचा नंबर शेवटून तिसऱ्याच्या वर कधी गेला नव्हता. यंदा मात्र लीक खरोखरच दृष्ट लागण्यासारखे आले होते. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मंडळाचा एक रिवाज आहे. प्रदर्शनाच्या आधी महिनाभर मंडळाचे लोक घरोघर फिरतात आणि प्रत्येकाच्या वाफ्यातल्या लीकवर शिक्का मारतात, म्हणजे ऐनवेळी कुणी दुसऱ्याचा लीक आपला म्हणून आणू नये. त्या रविवारी सकाळी मंडळाचा अध्यक्ष टॉमी रटर काखेत जाडजूड नोंदवही घेऊन सात नंबरच्या फाटकाशी आला. एडगर आतून कडी घालून उभा होता.

"काय रे प्रोफेसर," रटर म्हणाला. गावात एडगरला सगळे प्रोफेसर म्हणत. "फाटक उघड की. पाऊस यायच्या आत अजून नऊ घरं करायचीत."

"मिस्टर रटर, यंदा माझ्या लीकवर शिक्का मारू नका."

"कीड लागली?"

"नाही. बरे आहेत."

"मग तुला कीड लागली का?"

"प्रदर्शनाच्या दिवशी ही बाग माझी नसेल हो. नियमात बसणार नाही."

रटर खाणीत चाळीस वर्षं ओरडून बोललेला माणूस. त्याचं कुजबुजणंसुद्धा तीन घरं ऐकू जायचं. "बाग तुझी नसेल? म्हणजे काय पायाने चालत जाणारे ती?"

मधल्या भिंतीवर शेजारच्या नॅन्सी हेपलचं डोकं आलं. नॅन्सीला केसांना रोलर लावलेले असतानाच गावातल्या सगळ्या बातम्या कळतात, असा तिचा लौकिक होता.

"त्याला काय विचारतोस, टॉमी, मला विचार," ती म्हणाली. "आठ दिवस पुस्तकं भरतोय खोक्यांत. मी खिडकीतून बघतेय. मला वाटलं, वाचून कंटाळला एकदाचा. बोल रे एडगर, काय झालंय?"

"काही नाही, मिसेस हेपल."

"एकतीस वर्षं शेजारी राहतोय, अजून मिसेस हेपल! खरं सांग, नाहीतर भिंतीवरून उडी मारीन. माझ्या कमरेला काही झालं तर पाप तुझ्या माथी."

नॅन्सी एकदा म्हणाली की करते, हे ठाऊक असल्याने एडगरने तांबड्या अक्षरांचं पत्र आणून दिलं. तिने ते मोठ्याने वाचलं. रटरने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"आणि तू जाणार?" त्याने विचारलं.

"कोर्टाचा हुकूम आहे."

"तो नायजेलवर आहे. त्यात तुझं नाव कुठंय?"

"माझं नाव कुठेच नाही, मिस्टर रटर. तोच तर प्रश्न आहे."

"मला कायद्यातलं काही कळत नाही," रटर म्हणाला, "पण शिक्का न मारता या मंडळाने आजवर एक लीक सोडलेला नाही. सरक बाजूला." आणि त्याने कडी काढली, वाफ्यात शिरला, बाराच्या बारा लीकवर शिक्के मारले. शेवटच्यापाशी तो जरा थबकला. "अरे, हे खरंच चांगलेत की," तो पुटपुटला, आणि तेही तीन घरं ऐकू गेलं.

मंगळवारी चॅपलच्या हॉलमध्ये फुकट सल्ल्याचं टेबल असतं. नॅन्सीने एडगरला तिथे नेलं, म्हणजे दंडाला धरूनच नेलं. टेबलामागे बेथनी लॉज नावाची तिशीतली मुलगी होती. तिच्यापुढे हॅमचं स्टॉटी, म्हणजे तिकडचा चपटा भरलेला पाव, अर्धं खाऊन ठेवलेलं होतं, आणि दुपारचे तीन वाजले तरी ते अर्धंच होतं. तिने पत्र वाचलं.

"मिस्टर स्टोबर्ट, आधी एक सांगते, म्हणजे तुमचा चेहरा जरा सुधारेल. नुसतं लेखी मागितलंत तरी दोन महिने मिळू शकतात. भाडेकरूला जागा शोधायला वेळ मिळावा म्हणून तसा कायदाच आहे. संस्था नाही म्हणाली तर कोर्टाकडे मागायचं."

"दोन महिने?" एडगरचा चेहरा खरोखरच सुधारला. दोन महिन्यांत प्रदर्शन होऊन जाईल, पुस्तकंही नीट विषयवार भरता येतील. "पुरेत. फार झाले."

"पुरेत काय!" नॅन्सी म्हणाली. "जेवायला बोलावलं तर हा मीठ चाटून उठेल. पोरी, तू पुढचं सांग."

बेथनी हसली. "पुढचं असं. नायजेलने कर्ज काढायच्या आधीपासून तुम्ही तिथे भाड्याने राहत असाल, तर गोष्टच वेगळी. मग संस्थेला घर मिळेल, पण तुमच्यासकट. मालक बदलेल, तुम्ही तिथेच. त्यातून एकोणनव्वदच्या आधीचा भाडेकरू म्हणजे तर जुन्या कायद्याखालचा, फारच पक्का. कधी आलात राहायला?"

"सत्याऐंशी साली. एप्रिलमध्ये. त्या दिवशी गारा पडल्या होत्या."

"कागद?"

"हात मिळवला होता. मिस फेदरस्टोनशी."

"त्या साक्ष देतील?"

"वरती गेल्या त्या," नॅन्सी म्हणाली, "आणि तिथूनही भाच्याला शिव्या देत असतील."

"संस्थेच्या कुठल्या कागदावर सही केलीत कधी? हक्क सोडल्याची वगैरे?"

एडगरच्या डोळ्यांपुढे कपाटावरचं खोकं आलं. "सही... नाही."

"नक्की?"

"सही नक्की नाही."

"उत्तम." तिने कागदावर खूण केली. खोक्याबद्दल आत्ता सांगावं, असं एडगरला वाटलं. त्याने घसा खाकरला. पण मागे रांगेत कडेवर रडकं मूल घेतलेली एक बाई उभी होती. तिचा वेळ खाणं बरं दिसलं नसतं. घसा खाकरलेला तसाच राहिला.

"आता पुरावा हवा," बेथनी म्हणाली. "सत्याऐंशीपासून तुम्ही सात नंबरला आहात असं दाखवणारं काहीही. सरकारी दप्तरातून मागवलं तर सत्तावीसच्या आत यायचं नाही. गावात काही आहे का? क्लब, चर्च, कुठलीही नोंद?"

एडगरने मान खाली घातली. त्याला ठाऊक होतं काय आहे ते. आणि ते आहे हे कुणाला सुचू नये, अशी तो मनातल्या मनात प्रार्थना करत होता.

"लीकची वही!" नॅन्सी टेबलावर हात आपटून म्हणाली. स्टॉटी उडालं.

वही आली. मंडळाच्या त्या वहीत शिक्के मारणारे लोक दरवर्षी सभासदाचं नाव, बागेचा पत्ता, लीकची संख्या लिहीत, दोघांच्या सह्या करीत, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेऱ्यांचं कुणी मनावर घ्यायचं नसे. एडगरने त्यातला एकेक मनावर घेतला होता. १९८७ : स्टोबर्ट, ७ प्रॉस्पेक्ट टेरेस, मागची बाग, बारा लीक, कांद्याची पात आहे असं वाटलं. १९९४ : तोच पत्ता, गोगलगायी धष्टपुष्ट. २००३ : तोच पत्ता, स्टोबर्ट खुर्चीत वाचत होता, लीक पाण्यावाचून. असा एकाही ऑगस्टचा खाडा न पडता सदतीस वर्षं, आणि अडतिसावं परवाचं, रटरच्या हातचं : चांगले. कारण कळलं नाही.

बेथनीने सगळं वाचलं. मध्ये एकदा तिने रुमाल तोंडाला लावला. "मिस्टर स्टोबर्ट," ती म्हणाली, "इतका सुंदर पुरावा मी जन्मात पाहिला नाही."

एडगरचे कान लाल झाले होते.

कोर्टाची तारीख तेवीसची मिळाली, शुक्रवारची. एडगरने काळा सूट घातला. त्यातून डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. निघताना त्याने कपाटावरचं खोकं काढलं आणि पिशवीत घातलं. ते दाखवणार आहोत असं त्याने ठरवलं नव्हतं. पण ते घरी ठेवून कोर्टात खरं बोलायला जाणं त्याला जमेना.

रटरने बसमध्ये वही मांडीवर धरली होती, बाप्तिस्म्याला न्यायच्या बाळासारखी.

कोर्टाची खोली म्हणजे चॅपलच्या हॉलहून लहान. न्यायाधीश पन्नाशीच्या बाई होत्या. ना विग ना झगा, नुसता चष्मा दोरीला बांधलेला. संस्थेकडून पिंबल अँड ओकचा एक तरुण वकील आला होता. त्याची गळपट्टी वाकडी होती आणि चेहरा भला होता. एडगरला तो लगेच आवडला, आणि तिथेच पंचाईत झाली.

न्यायाधीशबाईंनी वही चाळली. २००३ सालापाशी त्यांनी चष्म्यावरून एडगरकडे पाहिलं. "काय वाचत होतात?"

"लीकवरचंच पुस्तक होतं, मॅडम."

वकील उठला. "मॅडम, वही अस्सल आहे यात मला शंका नाही. पण या वहीवरून लीक सात नंबरला राहत होते एवढंच सिद्ध होतं. मिस्टर स्टोबर्ट राहत होते असं नाही. मिस्टर रटर, मंडळाचे सभासद दुसरीकडे नुसता वाफा भाड्याने घेऊन लीक लावतात की नाही?"

रटर खोटं बोलू शकत नव्हता. बोलला असता तरी अख्ख्या इमारतीला ऐकू गेलं असतं. "लावतात," तो म्हणाला. "निम्मे तसंच करतात. पण हा राहतो तिथं!"

"मी राहते शेजारी, मला विचारा," नॅन्सी मागून म्हणाली.

"कधीपासून?" वकिलाने नम्रपणे विचारलं.

"त्र्याण्णवपासून."

"म्हणजे शेजारणीच्या शब्दावर त्र्याण्णव, आणि तोही अर्जदारांच्या मैत्रिणीचा."

"मैत्रीण!" नॅन्सी म्हणाली. "हा मला अजून अहोजाहो करतो!"

न्यायाधीशबाईंनी हात वर केला. वकील म्हणाला, "मॅडम, माझे अशील कठोर नाहीत. दोन महिन्यांची मुदत ते आनंदाने देतील. पण घरात भाडेकरू आहे याची कर्ज देताना त्यांना गंधवार्ता नव्हती. घरमालकाने घर मोकळं असल्याचं लिहून दिलं होतं. मिस्टर स्टोबर्ट तिथे आहेत असं कळलं असतं, तर आम्ही त्यांना रीतसर पत्र लिहिलं असतं. आमच्या फाइलीत तसं काही नाही."

दोन महिने समोर टेबलावर ठेवल्यासारखे होते. एडगरने नुसतं हो म्हणायचं होतं. प्रदर्शन होईल, पुस्तकं बांधून होतील, आणि खोकं पिशवीतच राहील. तोंड उघडलं तर सगळ्यांना कळणार की या माणसाला पत्र आलं होतं आणि त्याने साधं उत्तरही दिलं नाही. मग दोन महिने तर जातीलच, वर न्यायाधीशबाई त्याच चष्म्यावरून पुन्हा बघतील. पण तो भला पोरगा न्यायाधीशांसमोर उभा राहून खोटं बोलत होता, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. आज ना उद्या जुना कागद सापडेल तेव्हा बिचाऱ्याची फजिती होईल. एडगर उभा राहिला आणि शाळेतल्यासारखा त्याने हात वर केला.

"काय, मिस्टर स्टोबर्ट?"

"माफ करा. त्यांचं बोलणं खोडायचं नाही मला. पण त्यांनी लिहिलं होतं."

नॅन्सीने त्याच्या घोट्यावर लाथ मारली. "खाली बस, मूर्खा!"

"त्यांनी लिहिलं होतं," एडगर म्हणाला, "आणि मी उत्तर दिलं नाही. अठरा वर्षं झाली. सगळी चूक माझी आहे." आणि त्याने बुटांचं खोकं नेऊन टेबलावर ठेवलं.

बेथनीने डोळे मिटले. न्यायाधीशबाईंनी झाकण काढलं. आधी पाकीट पाहिलं, मग पत्र, मग बिनसहीचा कागद. मग खर्डे वाचायला घेतले. पाचव्या खर्ड्यापाशी त्यांचे ओठ हलले. अकरावा त्यांनी मोठ्याने वाचला : "महोदय, आपल्याला मदत करायला मला आनंदच वाटेल. पण मी येथे एकोणीस वर्षे राहतो, आणि हा कागद मी सही करून दिला तर पुढे मला येथे राहता येईल किंवा नाही, हे कृपया कळवावे."

"हे पाठवलं का नाही?"

"उशीर झाला होता, मॅडम. माफी कशी मागावी ते सुचेना."

बाईंनी पाकीट वकिलाकडे सरकवलं. "आपल्या फर्मचं नाव आहे ना हे?"

वकिलाने पाकीट हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. त्याची गळपट्टी आणखी वाकडी झाली. "हो, मॅडम."

"वर कुणाचं नाव आहे?"

"श्री. ई. स्टोबर्ट. सात, प्रॉस्पेक्ट टेरेस."

"आणि पत्रात त्यांना काय म्हटलंय? पहिल्या ओळीत?"

"आपण भाड्याने राहता ते घर." वकील हळू आवाजात म्हणाला.

"म्हणजे कर्ज देण्याआधी तुमच्या लोकांना हे गृहस्थ नावानिशी, पत्त्यानिशी ठाऊक होते. तुम्ही त्यांचा हक्क मागितला, आणि त्यांनी तो दिला नाही. दिला नाही तर तो अजून त्यांच्याकडेच आहे. बरोबर?"

"मला अशिलांना विचारायला वेळ मिळाला तर..."

"मिळेल, पण मिस्टर स्टोबर्ट तोवर घरी राहून वाट पाहतील. सहा सालच्या खर्ड्यातही एकोणीस वर्षंच आहेत, तेव्हा वहीतल्या सत्याऐंशीच्या नोंदीबद्दल आता मला शंका उरलेली नाही. वहीत हाच पत्ता देणारा माणूस रोज तिथे पाणी घालायला बसने येत नव्हता. आला असता तर लीक बरे झाले असते." त्यांनी लिहायला घेतलं. बेलिफची तारीख रद्द. नायजेलवरचा हुकूम एडगरला लागू नाही. घर संस्थेचं झालं तरी भाडेकरू तसाच राहील, भाडं यापुढे संस्थेला देईल. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली. "मिस्टर स्टोबर्ट, आपण रडताय का?"

"डांबराच्या गोळ्या आहेत, मॅडम," एडगर म्हणाला. "सुटातल्या."

बाहेर व्हरांड्यात नॅन्सीने त्याला मिठी मारली. त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्याने ते पिशवीवर ठेवले. रटर म्हणाला, "म्हणजे यानं उत्तर दिलं असतं तर घर गेलं असतं? माझ्या बायकोला सांगतो. ती म्हणते, मी कुठल्याच पत्राला उत्तर देत नाही."

"असं गावभर सांगत फिरू नका!" बेथनी जवळजवळ ओरडलीच. "मिस्टर स्टोबर्टचं नशीब म्हणून निभावलं. पुढच्या वेळी बिननावाचं पाकीट आलं तरी उघडायचं, आणि उघडून माझ्याकडे आणायचं. कळलं?"

तरुण वकील कागद आवरून बाहेर आला. एडगरपाशी तो थांबला. "मिस्टर स्टोबर्ट, तुम्ही गप्प बसला असतात तर मी जिंकलो असतो."

"तुमची अडचण झाली असेल. मला वाईट वाटतं."

"मला नाही फारसं वाटत," तो म्हणाला आणि हसला. "पण ऑफिसात कुणी विश्वास ठेवणार नाही. उत्तर आलं असतं तर निदान फाइलीला लावायला काहीतरी झालं असतं."

तो हे गमतीने म्हणाला होता. एडगरने मात्र ते पत्रासारखंच चार वेळा मनात वाचलं.

घरी आल्यावर त्याने एकच खोकं उघडलं, शब्दकोशांचं, आणि टेबलाशी बसला. त्याला वाटलं होतं रात्र जाईल. चहा गार व्हायच्या आत पत्र झालं. नॅन्सी घरी भाजलेले स्कोन घेऊन आली तेव्हा तो पाकिटावर पत्ता घालत होता.

"आता कुणाला?"

"पिंबल अँड ओक. त्यांच्या पत्राचं उत्तर."

"सही केलीस की काय त्या कागदावर?" तिने पत्र त्याच्या हातून ओढूनच घेतलं. लिहिलं होतं :

'महोदय, आपल्या मार्च २००६ च्या पत्राचे उत्तर देण्यास उशीर झाला, याबद्दल क्षमस्व. सोबतचा कागद सही न करता परत पाठवीत आहे, कारण मी येथे राहतो. आपला, एडगर स्टोबर्ट.'

"एवढंच?" नॅन्सी म्हणाली.

"फार तुटक वाटतं का? हवापाण्याचं काही घालू?"

"खबरदार!" तिने पाकीट त्याच्यापुढे आपटलं. "तिकीट कुठलं लावतोयस? पहिल्या वर्गाचं? अठरा वर्षं बसून राहिलास, आता एका दिवसात पोचवायची घाई! दुसऱ्या वर्गाचं लाव."

"बरं दिसत नाही, नॅन्सी," एडगर म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

नॅन्सीही दचकली. मग तिने स्कोनला लोणी लावायला घेतलं.

पहिल्या वर्गाचं तिकीट लावून एडगर दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी गेला. शनिवारची टपाल उचलायची वेळ बाराची होती. बाराला अजून सात मिनिटं होती. त्याने पाकीट अर्धं आत घातलं, बाहेर काढलं, पाठीमागे स्वतःचा पत्ता लिहिलाय ना ते पाहिलं. लिहिला होता. मग त्याने ते पुन्हा आत घातलं आणि सोडून दिलं.